पहिल्यांदाच कुत्र्याचं पिल्लू आणायचं आहे: कोणतं, कुठून आणि पहिले काही महिने कसं सांभाळायचं?

अबोली

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई (वय ६८), मुलगी सहावीत आणि मुलगा दुसरीत. मुलं गेलं वर्षभर पिल्लासाठी मागे लागली आहेत, आणि मलाही मनापासून हवं आहे. नवऱ्याचा कल लॅब्राडोरकडे, मुलीचा बीगलकडे. शिवाय ओळखीतल्या एकांकडून हस्कीचं पिल्लू अर्ध्या किमतीत मिळेल असा निरोप आलाय.

आमच्या दोघांच्या नोकऱ्या आहेत, त्यातले दोन दिवस मी घरून काम करते. सासूबाईंचा विरोध नाही, पण देवघर आणि स्वयंपाकघर यांबद्दल त्यांच्या मनात धाकधूक आहे. कोणती जात घ्यावी, कुठून घ्यावी, पावसाळ्यात आणावं की नंतर, घरचं जेवण चालतं का? आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "आपल्याकडे कुत्री चालत नाहीत." त्यांना काय सांगायचं? सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

निनाद_ब

हस्की नको. बाकी काहीही घ्या. तो बर्फात मैलोन्मैल धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे. ठाण्याच्या मे महिन्यात त्याला दिवसभर एसीत कोंडावं लागतं आणि कोंडलं की तो दारं-सोफे फाडतो, कारण त्याच्या पायांना काम नसतं. कमी किमतीत मिळतोय याचं कारणही बहुतेक तेच असणार.

पगबद्दलही कुणी सुचवलं तर विचार करा. चपट्या नाकामुळे त्यांना श्वास घ्यायलाच त्रास होतो, आणि कुत्री अंग थंड ठेवतात ती मुख्यतः धापा टाकून. दमट हवेत त्यांचे हाल होतात.

चिंगीची_आई

अबोलीताई, पुण्यात मी बरीच वर्षं रस्त्यावरची पिल्लं घरी ठेवून, वाढवून, चांगल्या घरी देण्याचं काम करतेय. घर बघायला येणारे लोक मला पहिला प्रश्न जातीचा विचारतात. मी त्यांना उलट विचारते: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात तुमच्या घरात कोण असतं?

तुमच्या घरात त्याचं उत्तर सासूबाई असं आहे. मुलं शाळेत, तुम्ही दोघं कामावर. म्हणजे पिल्लाला दुपारचं खाऊ घालणं, शी-शू पुसणं, चप्पल सोडवून घेणं हे त्यांच्या वाट्याला येणार. तेव्हा "त्यांचा विरोध नाही" एवढ्यावर निर्णय घेऊ नका. त्यांच्याशी नीट बसून बोला. त्यांना वाकता येतं का, गुडघे कसे आहेत, ओल्या फरशीवरून घसरायची भीती आहे का, हे सगळं आधी बघा. लॅब वर्षभरात तीस किलोच्या आसपास जातो आणि आनंदाने अंगावर झेपावतो. ६८ वर्षांच्या बाईला तो धक्का जड जातो. बीगल आकाराने बेताचा असतो, पण तो वासामागे धावणारा शिकारी कुत्रा, एकटा राहिला की आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं रडतो.

माझ्या मनातलं सांगते. तुमच्या घराला मध्यम आकाराचं, इथल्या हवेत रुळलेलं गावठी पिल्लू सगळ्यात चांगलं मानवेल. केस आखूड, तब्येत काटक, अंग साधारण पंधरा-वीस किलोपर्यंत. मोठं होऊन नेमकं केवढं होईल हे सांगता येत नाही, पण आई दिसली तर अंदाज येतो. आणि मादी घ्या म्हणेन. लोक नर मागतात, माद्या मागे राहतात.

माळरान

देशी म्हटलं की सगळे गावठीवर थांबतात म्हणून लिहितो. आमच्या लातूरकडं कारवानी जातीचं शिकारी कुत्रं आहे. पलीकडं कर्नाटकात तोच मुधोळ हाउंड. मुधोळचे मालोजीराजे घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयातला मेंढपाळी कुत्रा हे बाकीचे तीन.

आमच्या घरी कारवानी पिढ्यान् पिढ्या आहेत. लई देखणं, लई इमानी जनावर. पण ताई, तुम्हाला मी तो घ्या म्हणणार नाही. त्याला रान लागतं. रोज मोकळं पळायला मिळालं नाही तर तो झुरतो. नजरेनं शिकार करणारी जात आहे, मांजर दिसलं की पट्टा हातातून जातो. परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि फ्लॅटात तर रोज दार वाजतं. हौसेपोटी शहरात नेलेले कारवानी परत गावाकडं आणून सोडलेले मी बघितलेत, म्हणून जीव तुटतो.

शिवार

माळरान भाऊंना अनुमोदन. आम्ही अकोले तालुक्यात शेतावर राहतो. इकडे वेगळीच गोष्ट: पिल्लू रात्री बाहेर ठेवायचंच नाही. आमच्याकडच्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. अंधार पडायच्या आत कुत्रं घरात किंवा वर-खाली सगळीकडून बंद अशा जाळीत. धागा ठाण्याचा आहे, पण शेतघरासाठी पिल्लू बघणारे कुणी वाचत असतील तर लक्षात ठेवा.

कुसुमआजी

अबोली, मी तुझ्या सासूबाईंपेक्षा मोठी आहे, ७४ वर्षांची. आमच्याकडे सोवळं कडक होतं. सुनेने कुत्रा आणायचं ठरवलं तेव्हा तिने मला विचारलं, "आई, कुठे यायचं नाही ते तुम्ही ठरवा." मी देवघर आणि ओट्याकडची बाजू सांगितली. मुलाने दोन्हीकडे कमरेएवढी लाकडी फाटकं बसवून घेतली. पहिल्या दिवसापासून फाटक बंद, म्हणून पिल्लाला ती जागा आपली वाटलीच नाही. आज फाटक उघडं असलं तरी तो उंबऱ्याशी बसतो.

माझा शब्द पाळला गेला म्हणून मला त्याची धास्ती उरली नाही. तू पण सासूबाईंना परवानगी मागू नकोस, नियम करायला सांग. आणि सकाळचं सगळं तुम्ही उरकूनच कामावर जा. दुपारचं एक खाणं एवढंच त्यांच्याकडे ठेवा. बाकी त्यांना जे आपणहून करावंसं वाटेल ते त्या करतील.

अबोली

कुसुमआजी, आजच आईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, "फाटक कुठल्या सुताराकडून केलं?" गावठी पिल्लाचा विचार आता घरात सगळ्यांना पटतोय. मुलीला वाईट वाटलं, पण बीगल दिवसभर एकटा रडेल हे तिला समजावलं.

सोसायटीच्या शेजारच्या गल्लीत एका कुत्रीला पाच पिल्लं झाली आहेत. महिन्याभराची असतील. वॉचमन म्हणाला घेऊन जा आजच. आणू का? तिकडे रस्ता आहे, गाड्यांची भीती वाटते.

चिंगीची_आई

आज आणू नका. आठ आठवडे तरी आईपाशी आणि भावंडांत राहू द्या. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ बंद पडतो. लवकर तोडलेली पिल्लं पुढे हाताला फार कडक धरतात. विकत घेणाऱ्यांसाठी तर हा कायदाच आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते. "पाच आठवड्यांचं आहे, आता नेलं तर लळा लागेल" असं जो सांगतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. फोटो पाठवून आगाऊ पैसे मागणाऱ्याकडूनही नाही. पिल्लाची आई आणि तिची जागा प्रत्यक्ष बघायला मिळत नसेल तर तिथूनच परत फिरा.

तोपर्यंत तुम्ही रोज तिकडे जा. वॉचमनला सांगून कुंपणाच्या आत आडोसा करून घ्या, आईला खायला घाला. मुलांना बरोबर न्या. पंधरा-वीस मिनिटं नुसतं जमिनीवर बसा आणि बघा. सगळ्यांना तुडवत पुढे येणारं पिल्लू पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घराला दमवतं, आणि कोपऱ्यात कुडकुडणाऱ्याला अनुभवी हात लागतात. टाळी वाजवल्यावर दचकलं, पण थोड्या वेळाने पुन्हा वास घ्यायला आलं, असं पिल्लू बघा. डोळे स्वच्छ, नाकातून पाणी नाही, हिरड्या गुलाबी, शेपटीखाली कोरडं. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या वर आलेल्या असतील तर जंत असणार, ते औषधाने जातात. आईला आणि बाकीच्या चौघांनाही टाकून देऊ नका. पिल्लं सुटी झाली की आईची नसबंदी करून घ्यायला मी मदत करीन, संपर्कातून लिहा.

पशुवैद्य_सांगली

उशिरा आलो, पण लस आणि खाणं याबद्दल लिहायलाच हवं.

पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू पार्व्हो. उलट्या, रक्ताचे दुर्गंधी जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. हा विषाणू फरशीवर, मातीत, चपलांच्या तळव्यांना महिनोन्महिने तग धरतो. साध्या फिनाईलने मरत नाही, ब्लीच लागतं. म्हणून रस्त्यावरच्या पिल्लांना हात लावून आलात तर घरात शिरण्यापूर्वी चपला बाहेर. घरात आधी पार्व्होने पिल्लू गेलेलं असेल तर नवीन पिल्लू लसी पूर्ण झाल्याशिवाय आणू नये.

लस एकदाच का देत नाहीत, हे पालक नेहमी विचारतात. आईच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, कुणाची सहा आठवड्यांना, कुणाची चौदा-सोळाला. मधल्या काळात पिल्लू उघडं पडू नये म्हणून सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस देतात. शेवटचा डोस चुकवणाऱ्यांची पिल्लं आमच्याकडे सलाईनवर येतात. कृपा करून तो चुकवू नका. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग बूस्टर, पुढे डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला. ठाणे-मुंबई-कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) समावेश असलेलीच लस मागून घ्या. उंदरांच्या मुतामुळे पावसाच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तो माणसालाही होतो. जंतांचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांनंतर महिन्याला, सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी.

आता खाणं. घरचं जेवण चालतं, पण पोळी-दूध किंवा दूध-भात म्हणजे पिल्लाचं जेवण नव्हे. बऱ्याच पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि नुसत्या भात-पोळीवर किंवा नुसत्या मटण-चिकनवर वाढलेल्या पिल्लाच्या हाडांना कॅल्शियम मिळत नाही. पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. अशी पिल्लं चांगल्या, प्रेमळ, खात्या-पित्या घरांतून येतात याचं मला वाईट वाटतं. उकडलेलं चिकन किंवा अंडी, मऊ भात, भोपळा-गाजर, थोडं दही, आणि कॅल्शियम किती ते वजन करून डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं. एवढं रोज जमणार नसेल तर चांगलं तयार पिल्लांचं खाणं द्या, त्यात सगळं मोजून घातलेलं असतं. मात्र तयार खाण्यावर वरून कॅल्शियमचं सिरप घालू नका. मोठ्या जातींच्या पिल्लांच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम शोषून घेणं थांबवता येत नाही, त्याने हाडा-सांध्यांची वाढ बिघडते. शाकाहारी घरात अंडंही चालणार नसेल तर मी तयार खाण्याचाच सल्ला देतो. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन.

कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे अजिबात नको. म्हणजे शिऱ्यातला बेदाणाही नको आणि फोडणीची भाजीही नको. शिजवलेली हाडं नकोत, ती टोकदार फुटतात. आपली ताप-दुखीची गोळी कधीही देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याचं मूत्रपिंड जाऊ शकतं. बाल्कनीतली कण्हेर काढा.

गोधडी

डॉक्टर, फार उपयोगी. एक शंका: लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सोळा आठवडे, पिल्लाला बाहेर नेऊच नये का? आमच्या बहिणीच्या पिल्लाला तसं ठेवलं, आता ते रिक्षा बघूनही थरथरतं.

पशुवैद्य_सांगली

चांगला प्रश्न. जमिनीवर सोडायचं नाही, पण घरात कोंडायचंही नाही. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं राहतं. त्या काळात कडेवर किंवा पिशवीत घेऊन बाहेर न्या. रिक्षा, रेनकोट घातलेली माणसं, छत्र्या, काठीवाले आजोबा, लिफ्ट, भाजीबाजार, सगळं लांबून दाखवा आणि त्याच वेळी तोंडात खाऊ द्या. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी हळू लावा, पिल्लू जेवत असताना. रोज किंचित वाढवा. गणपती-दिवाळीला याचा फरक दिसतो. लस झालेली, निरोगी ओळखीची कुत्री घरी आली तरी चालतात.

निनाद_ब

सोसायटीचं: भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरीही. लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, वेगळं शुल्क लावता येत नाही. सेक्रेटरींना त्याची प्रत द्या, पण भांडायला जाऊ नका. बरोबर लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना दाखवा, आवारात पट्टा लावू आणि घाण आम्ही उचलू असं लिहून द्या. परवान्याला रेबीजची लस लागते, म्हणून तो तीन महिन्यांनंतरच. खाली राहणाऱ्यांपैकी कुणाला कुत्र्याची भीती वाटत असेल तर आधी जाऊन भेटा. लिफ्टमध्ये ते असतील तर पुढच्या फेरीने जा. एवढं केलं की बहुतेक तक्रारी उठतच नाहीत.

अबोली

मंडळी, आणलं! पाचांतली तांबूस मादी. टाळीच्या परीक्षेत तीच परत आली. आठ आठवडे झाल्यावर आधी डॉक्टरकडे, मग घरी. दोघं भावंडं शेजारच्या विंगमध्ये गेली, दोघांसाठी चिंगीची_आई घर शोधत आहेत. आईंनी नाव ठेवलंय तांबू. फाटकं बसली आहेत.

आता मदत हवी. रात्री खूप रडते. बाल्कनीत गादी घातली होती, मग हॉलमध्ये आणली, तरी थांबत नाही. दिवसभरात शू कुठेही. आणि मुलांच्या पायांना चावते, मुलगा पळतो आणि ती मागे. काल त्याच्या पोटरीला दात लागून थोडं रक्त आलं. पिल्लू घरचं आहे तर चालेल ना?

पशुवैद्य_सांगली

अबोलीताई, आधी जखमेचं बघा. चालणार नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-तेल काही लावू नका, आणि आजच मुलाला दवाखान्यात न्या. पिल्लू रस्त्यावर जन्मलेलं, रेबीजची लस अजून झालेली नाही. लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो. शक्यता कमी असली तरी लक्षणं दिसल्यावर यावर उपाय नाही, लस मात्र वेळेत घेतली की संरक्षण मिळतं. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. डोस डॉक्टर सांगतील तेवढे सगळे पूर्ण करा. तांबूवर राग धरू नका, तिने काही वावगं केलेलं नाही.

चिंगीची_आई

डॉक्टरांचं आधी करा, मग हे वाचा.

रडणं: ती पहिल्यांदाच एकटी झोपतेय. तिचं खोकं तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडला की तिला लागेल असं. आईच्या अंगाखालचं एखादं फडकं मिळालं तर खोक्यात घाला. काही रात्रींत शांत होते, मग खोकं थोडं थोडं दाराकडे सरकवा. "रडू दे, सवय होईल" असं कुणी सांगेल, ऐकू नका. या वयात पिल्लू घाबरून रडतं.

शू: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, या तिन्ही वेळी लगेच उचलून ठरलेल्या जागी. वय जितके महिने, साधारण तितके तास ती धरू शकते, म्हणजे आत्ता दोन. रात्री एकदा उठावं लागेल. बरोबर जागी झाली की तिथल्या तिथे खाऊ आणि कौतुक. चुकीच्या जागी झाली तर गप्प पुसा. नाक घासणं, वर्तमानपत्राने मारणं याने ती एवढंच शिकते की माणसांसमोर शू करू नये, मग सोफ्यामागे करते. पुसल्यावर वास राहिला तर तिथेच परत जाईल. एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते वापरा, अमोनियाचं नको, त्याला मुताचाच वास येतो.

चावणं: दुधाचे दात टोचरे असतात, आणि चार महिन्यांच्या सुमाराला ते पडून नवे यायला लागतात तेव्हा आणखी वाढेल. सहा-सात महिन्यांत दात पूर्ण येतात. मुलाला सांगा, पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं आणि हात घडी. पळणारा पाय तिला खेळणं वाटतो. दात लागले की खेळ बंद, उठून फाटकाच्या पलीकडे अर्धं मिनिट. हाताऐवजी गार गाजर द्या, किंवा ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवून द्या. आणि हे फार महत्त्वाचं: ती दमलेली असते तेव्हा जास्त चावते. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा तास झोपतं. शाळेतून आल्यावर मुलं तिला सारखी उठवत असतील. झोपलेल्या आणि जेवणाऱ्या तांबूला हात लावायचा नाही, हा नियम दारावर लिहून लावा.

कुसुमआजी

अबोली, मुलगा कसा आहे?

अबोली

लस सुरू केली, आजी. ठणठणीत आहे. सरकारी रुग्णालयात नेलं, डॉक्टरांनी पुढच्या तारखा लिहून दिल्या. पशुवैद्य साहेब, तुम्ही इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलंत म्हणून त्याच दिवशी गेलो, मनापासून आभार.

खोकं पलंगाशेजारी आणलं, कालची रात्र बरी गेली. दुपारचं खाणं आईच देतात. चिकन मी सकाळी वेगळ्या भांड्यात उकडून ठेवते, ते भांडं स्वयंपाकघरात येत नाही, तेवढं त्यांनी मागितलं होतं. नसबंदी कधी करायची?

पशुवैद्य_सांगली

तांबूसारख्या मध्यम अंगाच्या मादीची सहाव्या महिन्याच्या पुढे, वजन आणि रक्त तपासून. पहिल्या माजाच्या आधी केली तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो, आणि उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो. पावसाळ्यात रोज संध्याकाळी कानांत, बोटांच्या फटींत आणि गळपट्ट्याखाली गोचीड बघत जा. ताप, खाणं सोडणं, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर थांबू नका, गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या.

गोधडी

धागा वाचून मलाही हवंसं वाटतंय. मी एकटी राहते, एका खोलीचं घर, पाळीची नोकरी, कधी बारा तास बाहेर. तांबूच्या भावंडांपैकी एक मला मिळेल का?

चिंगीची_आई

गोधडी, तुमच्या हाती पिल्लू मी देणार नाही, आणि हे रागाने सांगत नाहीये. दोन महिन्यांचं पिल्लू बारा तास एकटं राहू शकत नाही, कितीही प्रेम असलं तरी. पण माझ्याकडे चार वर्षांची एक मादी आहे. नसबंदी, लसी झालेल्या. दिवसातून दोन फिरणी आणि एक मऊ कोपरा मिळाला की खूश. मोठी कुत्री कुणी मागत नाही, त्यामुळे ती वर्षभर माझ्याकडेच आहे. बारा तासांच्या दिवशी मध्ये एकदा येऊन तिला खाली नेणारं कुणी शेजारी आहे का, ते आधी विचारा. असेल तर रविवारी येऊन तिला भेटा. पहिल्याच दिवशी न्यायची नाही, दोन-तीनदा या, तिच्याबरोबर फिरून बघा, मग ठरवू.

गोधडी

समोरच्या काकू दुपारी घरी असतात, आज विचारते. रविवारी किती वाजता येऊ?